भाकरीसोबत चहा: रक्ताची गोळी वाया जाते का?

घाटंजीची आशा (धागा सुरू करणारी)

कापूस वेचणी लागली की आमच्या गावातल्या बाया पहाटे साडेपाचला चूल पेटवतात. आधी कोरा चहा. त्यात रात्रीची भाकर कुस्करून खायची आणि उरलेल्या घोटाबरोबर रक्ताची लाल गोळी, म्हणजे लोहाची, गिळायची, म्हणजे विसरायला नको. दुपारी धुऱ्यावर शिदोरी सुटते. ती संपते न संपते तोच मालकाकडून चहाची किटली येते. संध्याकाळी घरी आलं की पुन्हा चहा आणि टोस्ट. दिवसातलं एकही खाणं चहावाचून होत नाही.

सात वर्षांपासून मी गोळ्या घरोघरी पोचवते आणि रिकामी पाकिटं मोजते. गोळ्या खरोखर खाल्लेल्या असतात, तरी रक्त वाढत नाही. याचं एक मोठं कारण हा जेवणातला चहा आहे, असं माझं ठाम मत झालंय.

मागच्या हंगामातली गोष्ट. पाचव्या महिन्याची गरोदर बाई, हिमोग्लोबिन ८.२. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. सिस्टरने रोज दोन गोळ्या सांगितल्या. ती दोन्ही सकाळच्या चहासोबत घ्यायची. दीड महिन्याने पाहिलं तर ८.४. मग मी तिला एक गोळी दुपारच्या जेवणानंतर तासाभराने आणि एक रात्री निजताना साध्या पाण्यासोबत घ्यायला लावली. किटलीचा चहा चार वाजता. वरणावर रोज अर्धं लिंबू. पुढच्या सहा आठवड्यांत १०.१ झालं.

पोषण दिवसाला अंगणवाडीत मी बायांना एक गोष्ट करून दाखवते. काचेच्या ग्लासात कोरा चहा घ्यायचा. लाल गोळी खलबत्त्यात कुटून त्यात टाकायची आणि चमच्याने ढवळायची. तपकिरी चहा बघता बघता काळाशार होतो, शाईसारखा. मग मी विचारते, पोटात हेच होत असेल तर रक्त कुठून भरणार? सगळ्या गप्प होतात.

माझं म्हणणं तीन वाक्यांत: जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर ठेवा. गोळी कधीही चहा-दुधासोबत घेऊ नका. ताटात लिंबू, आवळा, कच्चा टमाटा असं काहीतरी आंबट असू द्या. याला पैसा लागत नाही. पटत नसेल तर सांगा का पटत नाही.

तिवस्याचा शेतकरी

ताई, राग मानू नका, पण मले हे पटत नाही. माझी आजी ८८ वर्षं जगली. रोज सकाळी जर्मनच्या गंजात उकळलेला कडक चहा आणि त्यात भाकर, हाच तिचा नाश्ता. सात लेकरं झाली, सगळी घरीच. मरेपर्यंत निंदायला जायची. चहाने रक्त आटत असतं तर ती उभी राहिली असती का? आता रोज काहीतरी नवीन निघते. दह्यासोबत हे नको, केळासोबत ते नको. जुनी माणसं जे पोटाला मानवेल ते खायची. गोळी गुण देत नसेल तर गोळीतच काही खोट असेल.

सिस्टर, उपकेंद्र

दादा, तुमच्या आजीचं खरं आहे आणि आशाताईंचंही खरं आहे. दोन्ही कसं, ते सांगते.

चहात टॅनिनसारखी तुरट द्रव्यं असतात. धान्य, डाळ, भाजी यांतलं लोह ती आतड्यात धरून ठेवतात, मग ते रक्तात जात नाही. १९८३ साली हे मोजलेलं आहे. एका जेवणासोबत एक कप चहा दिला तर लोहाचं शोषण ६४ टक्क्यांनी घटलं, कॉफीने ३९ टक्क्यांनी. त्यातच आणखी एक गोष्ट दिसली, ती माझ्या मते सगळ्यात कामाची. कॉफी जेवणाच्या तासभर आधी घेतली तर काहीच फरक पडला नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतली तरी नुकसान जवळजवळ तेवढंच झालं. २०१७ मध्ये इंग्लंडात बायांवर चहाचा असाच प्रयोग झाला. त्यात जेवणानंतर तासाभराने चहा दिल्यावर नुकसान बरंच कमी झालं. म्हणून मी बायांना सांगते, चहा आधी घ्या आणि मग तासाने जेवा. नंतर घ्यायचा असेल तर एक तास कमीत कमी धरा, दोन झाले तर उत्तम.

आजीचं म्हणाल तर तेव्हा शेतातल्या बायांच्या ताटात काय काय असायचं ते आठवा. अंबाडीची भाजी, तरोटा, चिवळ, बोरं, चिंच, हिवाळाभर आवळा. भाजी लोखंडी कढईत, भाकर लोखंडी तव्यावर. अंबाडीसारखं आंबट लोखंडात शिजलं की त्या कढईतलं लोहही भाजीत उतरतं. इथिओपियात लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या लेकरांचं रक्त अॅल्युमिनियमच्या भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं, हे १९९९ मध्ये छापून आलं आहे. आणि शरीरात लोहाचा साठा कमी झाला की आतडं आपणहून जास्त ओढून घेतं. धडधाकट माणसाला एका कप चहाने काही होत नाही. ज्या बाईचं आधीच आठवर आलंय, पाळीत अंगावरून जास्त जातं, पोटात लेकरू आहे, तिला मात्र थेंब थेंब मोजावा लागतो.

भंडाऱ्याचा वैद्य

चहाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण धागा तिथेच का थांबवायचा? विरुद्ध आहार हा आपल्याकडे फार जुना विषय आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सव्विसाव्या अध्यायात त्याची यादीच दिलेली आहे, त्यात मासे आणि दूध एकत्र घेऊ नये हे स्पष्ट सांगितलंय. माझ्याकडे अंगावर कोड आलेले रुग्ण येतात, त्यांतले अनेक जण मासे खाऊन वर दूध प्यायलेले असतात. जेवणावर फळ खाल्लं की ते पोटात कुजतं, जेवताना घटाघटा पाणी प्यायलं की अग्नी मंद होतो. हे सगळं एकाच सूत्रात बसतं. एक पदार्थ दुसऱ्याचं काम बिघडवतो हे तुम्ही लोहाच्या बाबतीत मानता, मग बाकी ठिकाणी का नाही?

तलावकाठ

वैद्यबुवा, मी पण भंडारा जिल्ह्यातलाच. आमचं घर मालगुजारी तलावाच्या पाळीला लागून, मासेमारी हाच पिढ्यांचा धंदा. आमच्या घरी मासे रोज आणि ताकही रोज. बंगालात तर दह्यातच मासा शिजवतात आणि सणाला खातात. कोड माशाने आणि दुधाने होत असतं तर आधी आमच्या घरात झालं असतं.

हे मी जरा कडक बोलतो, कारण याचा त्रास आमच्या बहिणीने भोगला. तिच्या हातावर पांढरा डाग आला तेव्हा सासरच्यांनी म्हटलं, माहेरी मासे-दूध खाऊन आली. दोन वर्षं औषधाविना गेली. शेवटी चामडीच्या डॉक्टरने सांगितलं की आपल्याच शरीराची रोगप्रतिकारशक्ती रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते, म्हणून डाग पडतो. खाण्याशी त्याचा संबंध नाही, आणि तो कोणाला लागतही नाही. तुमच्याकडे येणारे रुग्ण मासे-दूध खाल्लेले असतात, कारण आपल्या जिल्ह्यात सगळेच मासे खातात. डाग नसलेल्यांना तुम्ही कधी विचारलं का, काय खाल्लं म्हणून?

सिस्टर, उपकेंद्र

फळाचं आणि पाण्याचं मी सांगते. पोटात इतकं तीव्र आम्ल असतं की तिथे फळ कुजायला वावच नाही. उलट जेवणासोबत किंवा जेवणावर लगेच संत्रं, पेरू खाल्ला तर त्याच जेवणातलं लोह जास्त अंगी लागतं. आणि पाण्याने पाचकरस पातळ होऊन पचन बिघडतं असं नाही, पोट लागेल तसं आम्ल सोडत राहतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या दिवसांत शेतात जेवणाऱ्या बाईला जेवताना पाणी पिऊ नको असं कोणीही सांगू नका. कळकळीची विनंती आहे.

भंडाऱ्याचा वैद्य

उन्हाळ्याबद्दल तुमचं मान्य. तहान मारायला ग्रंथही सांगत नाहीत. कोडाबद्दल मात्र एवढंच म्हणेन की आहार हे अनेक कारणांपैकी एक असू शकतं, ते दार मी बंद करणार नाही. तुमच्या बहिणीला दोन वर्षं औषध मिळालं नाही, हे वाचून वाईट वाटलं. पथ्य सांगणं वेगळं, उपचार थांबवणं वेगळं. तसं कोणीच करू नये.

वेचणीवाली

ताई, आता माझं ऐका. मी स्वतः कापूस वेचते, किलोच्या भावाने. हे लेकाच्या फोनवरून लिहून राहिली. तुमचं शास्त्र बरोबर असन, पण आम्ही चाय काहून पेतो ते कोणी विचारलं का? सकाळी सहाला निघा लागते. भाजी कराले वेळ नाही आणि रोज भाजीले पैसेबी नाही. चायने भूक मरते. गोड चाय पोटात गेला की दुपारपर्यंत हात चालते. दुपारी मालकाची किटली येते तेव्हाच चाय भेटते, चार वाजता नाही भेटत. चार वाजता मांगाले गेली तर काम सोडून फिरते म्हणन.

आणि आंबट खा म्हणता. लिंबू उन्हाळ्यात दहा रुपयाले दोन भेटते. तुम्ही बाईले सांगता चाय सोड, लिंबू पिळ, गोळी तासाने घे. नाही जमलं तर दोष कोणाचा? बाईचाच. डाळ महाग हाय, मजुरी कमी हाय, घरात सगळ्यात शेवटी ती जेवते आणि खरडून उरलेलं खाते. ते कोणी धाग्यात लिहून नाही राहिलं.

घाटंजीची आशा

बाई, तुम्ही लिहिलं ते मी दोनदा वाचलं. शेवटी जेवणारी आणि उरलेलं खाणारी बाई मी रोज पाहते. घरात वरण पातळ असलं की डाळ नवऱ्याच्या आणि लेकाच्या वाटीत जाते, तिच्या भातावर नुसतं पाणी. यात माझ्याच शब्दाची चूक झाली. "पैसा लागत नाही" असं मी सहज लिहून गेले, पण मोकळा वेळ आणि मालकापुढे बोलायची सोय यांचीही किंमत असते.

तरीही मी माझं म्हणणं सोडत नाही. ताटात थोडंच आहे, म्हणूनच ते थोडं वाया जाऊ नये. आपल्या धान्य-डाळीच्या जेवणातल्या लोहापैकी बायांच्या अंगी शंभरात आठच भाग लागतात, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था धरते. त्या आठातलेही निम्मे चहाने नेले तर उरलं काय? लिंबू महाग असेल तर हिवाळ्यात रानातले आवळे आणून मिठात घालून ठेवा. शेवग्याचा पाला कोणाच्याही बांधावर फुकट मिळतो. त्यात क जीवनसत्त्व आहे, लोह आहे, आणि तेलाची फोडणी दिली की त्यातलं अ जीवनसत्त्वही नीट लागतं, कारण ते तेलातच विरघळतं.

निवृत्त मास्तर, दारव्हा

शाईवरून आठवलं म्हणून लिहितो. जुन्या काळी काळी शाई करायला हिरडा आणि हिराकस लागायचं. हिरडा कुटून पाण्यात उकळायचा, त्या तुरट काढ्यात हिराकस टाकलं की तो काळा होतो. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, आणि आशाताईंच्या लाल गोळीतही तेच आहे. चहातलं टॅनिन हिरड्याच्या तुरटपणाचंच भाऊबंद. त्या ग्लासात ताई शाईच करत आहेत.

मी घरी करून पाहिलं. काळ्या झालेल्या चहात अर्धं लिंबू पिळलं तर रंग पुष्कळ उतरला, पुन्हा तपकिरी झाला. नातवाला फार नवल वाटलं.

गडचिरोलीचा डॉक्टर

मी सरकारी दवाखान्यात काम करतो, रोज रक्त कमी असलेल्या बाया बघतो. या धाग्यातल्या कळकळीबद्दल आदर आहे, पण मला काही ठिकाणी थांबवावंसं वाटतं.

आधी ग्लास. ग्लास म्हणजे पोट नव्हे. जठरात आम्ल असतं, तिथे हा काळा संयोग फारसा टिकत नाही. मास्तरांच्या लिंबाने तेच दाखवलं. पुढे लहान आतड्यात आम्ल कमी होतं तिथे तो पुन्हा जुळतो. प्रयोग लक्षात राहण्यासाठी चांगला आहे, पुरावा म्हणून नाही.

दुसरं, ६४ टक्के हा आकडा एका जेवणावर मोजलेला आहे. आठवड्याभराच्या मिश्र आहारावर असे परिणाम मोजले की बरेच लहान दिसतात. गोळीसोबत लिंबाचंही तसंच. चीनमध्ये ४४० रुग्णांना लोहाच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना सोबत क जीवनसत्त्व. २०२० मध्ये निकाल छापून आला: हिमोग्लोबिन दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच वाढलं. जेवणातल्या लोहाला आंबटाची मदत होते हे खरं. गोळीत लोह इतकं जास्त असतं की तिथे लिंबाने फार फरक पडत नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, तो आमच्या भागाचा आहे. रक्त कमी म्हणजे लोह कमी असं प्रत्येक वेळी नसतं. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, सगळीकडे. त्या बाईचं रक्त चहाने कमी झालेलं नसतं, आणि चहा सोडून वाढणारही नाही. तिला लोह द्यायचं की नाही हे तपासणीनंतरच ठरवावं लागतं. २०२३ पासून सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, तपासणी मोफत होते. अनवाणी शेतात जाणाऱ्यांना हुककृमी होतो. तो आतड्याला चिकटून रोज रक्त पितो, मग वरून कितीही गोळ्या द्या. आशाताई, तुमच्या त्या बाईला जंताची गोळी दिली होती का?

घाटंजीची आशा

दिली होती, डॉक्टर. गोळीची वेळ बदलली त्याच आठवड्यात सिस्टरने जंताची गोळी दिली. मी ते वर लिहिलं नाही, लिहायला हवं होतं. ८.४ वरून १०.१ कशामुळे झालं, चहामुळे की जंतामुळे, हे मला एकटीला सांगता येणार नाही. सिकलसेलची तपासणी तिची आधीच झालेली होती, त्यात काही नव्हतं.

पण मला एक विचारायचंय. चहाचं अंतर ठेवून कोणाचं नुकसान होतं का? तपासणी करा, जंताची गोळी द्या, मजुरीसाठी भांडा, हे सगळं हवंच. त्यासोबत गोळी चहाने गिळू नका, हे सांगायला काय हरकत आहे?

गडचिरोलीचा डॉक्टर

काहीच हरकत नाही, जरूर सांगा. मी स्वतः सांगतो. फक्त तेवढ्यावर थांबू नका आणि रक्त नाही वाढलं तर "तू चहा सोडला नसशील" असं बाईला म्हणू नका. हे मी माझ्या दवाखान्यात ऐकलेलं आहे.

तिवस्याचा शेतकरी

काल रात्री आईला विचारलं. आजीच्या बाळंतपणात काय झालं ते मले माहीतच नव्हतं. सात झाली ते खरं, पण जगली चार. शेवटच्या वेळी इतकं रक्त गेलं की तिला दोन महिने उठता येत नव्हतं. आई म्हणे, तिचे ओठ कायम पांढरे असत. मी फक्त तिचं वय धरून बसलो होतो.

आता माझी बायको पाचव्या महिन्यात आहे. सिस्टर, एक सांगा. तिला रक्ताची गोळी आहे आणि कॅल्शियमच्याही दोन आहेत. चहा दुधाचा असतो, कोरा नाही. तो चालतो का? आणि एवढं सगळं दिवसभरात बसवायचं कसं?

सिस्टर, उपकेंद्र

दूध घातल्याने चहाचा तुरटपणा लोहाला सोडत नाही, हे तपासलेलं आहे. म्हणून दुधाचा चहाही लांबच ठेवा. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतले की कॅल्शियम लोहाला अडवतं, त्यामुळे त्या दोन गोळ्यांत दोन तास सोडा. असं बसवा: उठल्यावर चहा नुसता, त्यासोबत भाकर नको. तासाने न्याहारी, त्यावर कॅल्शियमची एक. दुपारच्या जेवणावर कॅल्शियमची दुसरी. रात्रीचं जेवण लवकर करा, ताटात लिंबू असू द्या. मग निजताना रक्ताची गोळी पाण्यासोबत. रात्री घेतली की मळमळही कमी जाणवते. शौचास काळं होईल, घाबरू नका, ते गोळीनेच होतं. आणि तिची सिकलसेल तपासणी झाली नसेल तर या आठवड्यात घेऊन या, तुमचीही करू.

वेचणीवाली

आमी आठजणींनी मिळून मालकाले सांगतलं की किटली साडेतीनले पाठव. आधी नाही म्हणे. मग म्हटलं, जेवल्यावर चाय पेऊन झोप येते, साडेतीनले पेतलं तर संध्याकाळपर्यंत जास्त वेचन होते. ते त्याले पटलं. कालपासून साडेतीनले येते. गोळी मी रातच्याले घेऊन पाहतो. डाळीचं काय कराचं ते अजून कोणी नाही सांगतलं.